भोपळ्यातले भूत

मुलांना भिववून वाढवू नये, ही गोष्ट आता शिकल्यासवरल्या घरांत तरी वादाची राहिलेली नाही. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ असे म्हणणाऱ्या आईला आज तिची शेजारीणच दोन शब्द सुनावील. भीतीने मूल गप्प बसते, शहाणे होत नाही. एवढे शिकायला आपल्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. ज्या भुताला आपण मोठ्या प्रयासाने माजघरातून हाकलले, त्यालाच शाळेच्या दारातून मानाने आत घ्यावे, खुर्चीवर बसवावे आणि म्हणावे, ‘आता तूच या पोरांना शास्त्र शिकव’, हे योग्य आहे काय?

प्रश्न विक्षिप्त वाटेल. पण अमेरिकेतल्या कितीतरी प्राथमिक शाळांतून दर ऑक्टोबरात हेच चालते, आणि ते चालवणारे शिक्षक काही मूर्ख नाहीत. मी स्वतः एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षे शास्त्र शिकवले. आता वर्षाआड थोरल्या मुलाकडे न्यू जर्सीला जाते. नातू तिथे तिसरीत आहे. त्याच्या शाळेत आईबापांना आणि आजीआजोबांनाही मदतीला बोलावण्याचा प्रघात आहे. त्यामुळे एक अख्खा दिवस मला त्या वर्गात बसायला मिळाले. जे पाहिले त्याला मी आधी हसले आणि मग विचारात पडले. दिवाळीच्या अंकात भुताखेतांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल तर त्याला मी पंचांग दाखवीन. २०२४ साली आपली नरकचतुर्दशी आणि त्यांची भुतांची रात्र एकाच तारखेला, ३१ ऑक्टोबरला आली होती. तिथल्या मराठी घरांच्या दारावर आकाशकंदील आणि पायरीवर दात विचकणारा भोपळा, असा देखावा त्या मोसमात काही नवलाचा नाही.

हा ‘हॅलोविन’ तसा ख्रिस्ती पंचांगातला. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची आदली रात्र ती ही. पण तिची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोकरीतींत गेलेली आहेत. सुगी संपून थंडी आणि काळोख सुरू होतो, त्या सांध्यावर मेलेली माणसे परत येतात अशी तिकडची समजूत; आपल्या सर्वपित्री अमावास्येची ही दूरची मावसबहीणच म्हणायची. तिकडचे लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे लाखांनी अमेरिकेत गेली, तेव्हा त्यांना तिथे सलगमापेक्षा मोठा, आतून पोकळ आणि कोरायला सोपा असा भोपळा सापडला. लाल भोपळा हा मूळचा अमेरिकेचाच. आपल्या घारग्यांत तो इतका मुरला आहे, की तो परदेशातून आला असे सांगितले असते तर माझ्या आईने मला वेड्यात काढले असते. आज त्या रात्री तिथली मुले भुताचे, चेटकिणीचे, सांगाड्याचे सोंग घेऊन दारोदार गोळ्या मागत हिंडतात. साहजिकच मुलांचे चित्त महिनाभर आधीपासून तिथे लागलेले. शिक्षकांनी चतुराई केली ती एवढीच, की मुलांचे चित्त जिथे होते तिथे त्यांनी शास्त्र नेऊन ठेवले.

वर्गात चार टेबले मांडली होती. पहिल्यावर झिरझिरीत कागदाची इवलाली भुते कापून ठेवली होती, त्यांना शाईचे डोळे. मुलाने फुगा फुगवायचा, तो स्वतःच्या केसांवर किंवा लोकरीच्या स्वेटरवर घासायचा आणि भुतावर धरायचा. भूत उठून उभे राहते, थरथरते आणि झेप घेऊन फुग्याला चिकटते. आपण लहानपणी कंगव्याने कागदाचे कपटे उचलले, तीच ही घर्षणाची वीज. पण कपटा उचलणे निराळे आणि आडवे पडलेले भूत उठवणे निराळे! एका मुलीचे भूत काही केल्या उठेना. आपल्याकडचीच पोर, केस तेलाने चप्प बसवलेले. ती रडवेली झाली. मग तिने शेजारणीच्या भुरभुरीत केसांवर फुगा घासला, आणि भूत उठले. त्यानंतर तिने जे आरंभले ते पाहत राहावे असे होते. फुगा टेबलावर घासून पाहिला, स्वेटरवर पाहिला, माझ्या सुती साडीच्या पदरावरही पाहिला. कशाने भूत किती उंच उठते याची तिने आपल्या वहीत रेघा मारून नोंद केली. पाच मिनिटांत ती भुताला विसरली होती. तिच्या लेखी आता तो फक्त कागद होता.

दुसऱ्या टेबलावर भोपळे होते. तो बुडेल की तरंगेल, हे आधी हात वर करून सांगायचे आणि मग बादलीत सोडायचा. बहुतेकांनी बुडेल म्हटले. एवढा जड तो! भोपळा ऐटीत तरंगला. आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येते, तिने वाट रानातून काढली म्हणून. नदीने काढली असती तरी चालले असते. मग दोऱ्याने घेर मोजणे झाले, आणि बिया दहा-दहाच्या ढिगांनी मोजणे झाले. सर्वांत मोठ्या भोपळ्यात सर्वांत जास्त बिया असणार यावर सगळा वर्ग ठाम होता, आणि तसे निघाले नाही. यावर एक मुलगा म्हणाला, ‘मग आपण मोजले नसते तर आपल्याला कधी कळलेच नसते!’ एकतीस वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांपैकी असे वाक्य बोललेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तिसऱ्या टेबलावर वटवाघळांची चित्रे होती, आणि काळोखात ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात, हे डोळे बांधून टाळ्या वाजवत समजून घेण्याचा खेळ होता. ते सगळे ठीकच.

चौथे टेबल बाईंचे. त्यांनी चेटकिणीची टोकदार काळी टोपी घातली, दिवे घालवले, आणि एका काळ्या कढईतल्या कोमट पाण्यात कोरड्या बर्फाचे खडे चिमट्याने सोडले. पांढऱ्याशुभ्र धुराचे लोट कढईच्या काठावरून ओघळून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर आले. मुले किंचाळली. आपल्याकडे अलीकडे लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरी व्यासपीठावर येताना पायाशी ढग सोडतात, तोच हा प्रकार. बाईंनी सांगितले, हा कार्बन डायऑक्साइडचा बर्फ आहे, तो वितळत नाही, त्याचा सरळ वायू होतो. घंटा झाली. मुले टाळ्या वाजवून बाहेर गेली.

त्या दिवशी सर्वांत जास्त आरडाओरड चौथ्या टेबलाशी झाली, आणि सर्वांत कमी शिक्षणही तिथेच झाले. घरी येताना नातवाला विचारले, ‘तो पांढरा धूर कशाचा रे?’ तो म्हणाला, ‘कार्बन डायऑक्साइडचा.’ वर्गातल्या कोणत्याही मुलाने हेच सांगितले असते. कार्बन डायऑक्साइड तर डोळ्यांना दिसतच नाही! दिसतात ते पाण्याचे थेंब. कोरडा बर्फ शून्याखाली साडेअठ्ठ्याहत्तर अंशांवर असतो. त्यातून निघालेला थंडगार वायू आसपासच्या हवेतली वाफ गोठवून तिचे बारीक थेंब करतो, आणि थंड हवा जड म्हणून ते धुके खाली लोळते. बाईंच्या चेटकिणीने मुलांना जे दाखवले ते होते पाणी, आणि मुले घरी घेऊन गेली ते एका न दिसणाऱ्या वायूचे नाव. संध्याकाळी मी नातवाला खिडकीच्या थंड काचेवर हा करून फुंकर घालायला सांगितले, आणि स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून पेल्याला बाहेरून घाम कसा येतो ते पाहायला लावले. काचेवर त्याने बोटाने एक भूत काढले. मग स्वतःशीच म्हणाला, ‘म्हणजे ते भूत पाण्याचे होते.’

बाईंना दोष देण्याचा माझा हेतू नाही. कोरडा बर्फ उघड्या हाताने धरला तर कातडी जळल्यासारखी होते, बंद खोलीत फार झाला तर जीव घाबरा होतो. तो आठ वर्षांच्या पोरांच्या हाती देता येत नाही, आणि देऊही नये. पण म्हणूनच मला वाटते, जे भूत मुलांच्या हाती देता येत नाही ते वर्गात आणूच नये. लहान भूत आणावे, कागदाचे, पाण्याचे. पण मुलाने ते स्वतः उठवावे आणि स्वतः निजवावे.

माझ्या या म्हणण्याला दोन बाजूंनी आक्षेप आले. मुलाचे एक स्नेही आहेत, मोठे अभियंता. ते म्हणाले, ‘अहो मावशी, शास्त्राला मुखवटा हवाच कशाला? सत्य हे आपल्या बळावर गोड लागले पाहिजे. औषधाला साखरेचा लेप दिला की मुलाला साखरेची सवय लागते.’ दुसरा आक्षेप बोलून दाखवला गेला नाही, कृतीने दाखवला गेला. वर्गातल्या एका मुलाच्या घरी त्यांच्या धर्मसमजुतीप्रमाणे हा सण वर्ज्य. त्याच्या आईने कळवले होते, की भुताखेतांच्या टेबलांवर त्याला बसवू नये. तो दिवसभर भोपळ्यांपाशीच राहिला. त्याने काही कमी शिकले असे मला दिसले नाही. मग भुताची गरज काय?

अभियंता महाशयांना मी एवढेच म्हटले, की भूत बाईंनी आणलेले नसते. ते मुलाच्या दप्तरातूनच येते. आठ वर्षांच्या मुलाच्या पलंगाखाली काय दडलेले असते ते त्याच्या आईबापांना ठाऊक नसले तरी त्याला पक्के ठाऊक असते. आमच्या लहानपणी शाळेमागे एक पिंपळ होता आणि त्यावर मुंजा. एक गुरुजी पाढे न येणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत त्या पिंपळाखाली उभे करीत. पाढे त्याने कोणाला आले असतील ते असोत; मुंजा मात्र वर्गातल्या प्रत्येकाच्या पक्का पाठ झाला. शाळेने भुताविषयी तोंडातून अक्षर न काढणे म्हणजे भुताला घरच्या काळोखात मोकळे सोडणे. त्याला उजेडात बोलवायला माझी ना नाही. बोलावल्यावर त्याची दोरी कोणाच्या हातात राहते, तेवढे पाहावे.

यावर एक जुनी हकीकत सांगते. १८४८ साली न्यू यॉर्क राज्यातल्या एका खेड्यात फॉक्स नावाच्या दोन बहिणींनी घरात भूत टकटक करून उत्तरे देते असे जाहीर केले. तिथून मृतात्म्यांशी बोलण्याचे एक मोठे वेड सुरू झाले. चाळीस वर्षांनी, १८८८ साली, त्यांतल्या एकीने भर सभेत कबूल केले, की ती टकटक आमच्या पायाच्या बोटांच्या सांध्यांची होती. पुढे तिने ती कबुलीही मागे घेतली. पण तोवर वेड समुद्र ओलांडून गेले होते. १८५३ साली इंग्लंडात घरोघर माणसे टेबलाभोवती बसून त्यावर हात टेकवीत आणि टेबल आपोआप फिरू लागे. आपल्याकडे प्लँचेट म्हणून आले ते याच कुळातले. वाटीवर किंवा नाण्यावर बोटे ठेवून सुट्टीत गेलेल्या आजोबांना बोलावण्याचा उद्योग ज्यांनी केला नाही असे मराठी मध्यमवर्गीय घर माझ्या पिढीत विरळाच. वाटी फिरे हे खरे, आणि कोणी मुद्दाम ढकलत नसे हेही खरे. आम्ही शपथा घेत असू.

मायकेल फॅरडे या लोहाराच्या मुलाने, विजेच्या त्या थोर संशोधकाने, या टेबलांकडे लक्ष दिले. त्याने कोणाला लबाड म्हटले नाही. प्रामाणिक माणसे निवडली आणि त्यांच्या हातांखाली पुठ्ठ्यांचे तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट गोळ्या. टेबल आपणहून फिरत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल. हात ढकलत असतील तर वरचा. वरचा सरकलेला निघाला. मग त्याने याहून सुंदर गोष्ट केली. हाताचा दाब आडवा पडला की लगेच कलेल अशी एक हलकी काडी बसवली, आणि ती बसणाऱ्यांना स्वतःलाच दिसू दिली. काडी झाकलेली असे तोवर टेबल फिरे. काडी समोर दिसू लागली, की हात आपोआप शहाणे होत आणि टेबल थांबे. फॅरडेने त्यांना व्याख्यान दिले असते तर ती माणसे त्याच्याशी भांडली असती. काडीशी कोण भांडणार?

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते शाळाशाळांतून, गावोगावी ‘चमत्कार’ करून दाखवीत आले आहेत. जिभेवर कापूर जाळणे, पाण्याचा हबका मारताच नारळ पेटणे. शेंडीत सोडियमचा तुकडा दडवला की कोणताही नारळ पाण्याने पेटतो. पण यात महत्त्वाचा भाग चमत्कारानंतरचा. तोच प्रयोग कसा केला ते उघड करून सांगायचे, आणि कापूर असेल तर समोरच्यालाही करायला लावायचे. ज्या मुलाने जळता कापूर स्वतःच्या जिभेवर ठेवून थुंकून टाकला, त्याच्यापुढे पुढच्या जन्मी कोणी बुवा तेच करून दक्षिणा मागू शकणार नाही. नुसता चमत्कार दाखवून थांबले तर मात्र गावात आणखी एक बुवा येऊन गेला, एवढेच होते.

हे काम इथे खेळीमेळीचे नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. अमेरिकेतल्या त्या वर्गातल्या चेटकिणीच्या टोपीकडे पाहताना मला हे विसरता येईना. तिथे टोपी दुकानात मिळते आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाते. आपल्या देशात अजूनही एखाद्या गरीब बाईला चेटकीण ठरवून मारल्याची बातमी येते. तिथला खेळ जसाच्या तसा उचलून आपल्या शाळांत आणा, असे मी कोणाला सांगणार नाही. ज्या गावात भुताने झपाटलेल्या सुनेला मांत्रिकापुढे बसवतात, त्या गावच्या शाळेत बाईंनी काळोख करून धूर सोडला तर मुले घरी जाऊन काय सांगतील, याचा आधी विचार करावा लागेल. तिथे तर नुसते दाखवणे मुळीच चालायचे नाही. कृती मुलांच्याच हातची हवी.

तशी ही युक्ती आपल्याला अगदीच परकी नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यातली पोरे बांबू, गवत आणि कागद यांचा अक्राळविक्राळ नरकासुर उभा करतात, मिरवतात आणि पहाट होण्याआधी जाळतात. ज्याने आठवडाभर खपून नरकासुराच्या पोटात गवत कोंबले आहे, त्याला तो रात्री स्वप्नात कसा भिववणार? आणि आपण अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगठ्याखाली जे कारीट चिरडतो, ते वेलीवरचे कडू फळ भोपळ्याच्याच कुळातले. तिकडे भोपळ्याला राक्षसाचे तोंड कोरतात, इकडे कारटालाच नरकासुर करून पायाखाली घेतात. हे मी वर्गात सांगितले तेव्हा मुलांना फार आवडले. एकीने विचारले, ‘मग तुम्ही त्याच्या बिया मोजता का?’ नाही, म्हटले, आम्ही मोजत नाही. मनात आले, मोजायला काय हरकत आहे?

उजेडाच्या सणात शास्त्र मुलांपुढे ठेवण्याची कल्पनाही जुनीच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होत आली. फॅरडेने स्वतः अशा एकोणीस मालिका दिल्या, आणि १८६०च्या नाताळातला त्याचा विषय होता एक साधी मेणबत्ती. यंदा घरात एवढे तरी करून पाहा. पेटती मेणबत्ती फुंकून विझवा, आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला, वातीपासून बोटभर अंतरावर, जळती काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येऊन बसते. जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफ. ती धुराच्या रेघेतून वातीपर्यंत पसरलेली असते. पण काडी मोठ्यांनी धरावी आणि फुंकर मुलाने घालावी. आणि कारण सांगायची घाई करू नये. माझ्या नातवाने सात वेळा विझवली आणि आठव्यांदा म्हणाला, ‘धुरात काहीतरी आहे.’ मी गप्प बसले. मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसणे किती जड जाते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक!

इथवर सोपे होते. पुढे मात्र असे काही आले, की ज्याच्यापुढे माझे शास्त्र थबकले.

त्या शाळेत आणखी एक प्रथा आहे. सण झाल्यावर एक कोरलेला भोपळा टाकून न देता काचेच्या पेटीत बंद करून खिडकीत ठेवतात, आणि तो कुजताना रोज पाहायचा, चित्र काढायचे. आधी कडा सुकून आत वळतात. मग काळी, पांढरी, हिरवट बुरशी येते. मग तोंड खचते, डोळे मिटतात आणि शेवटी तळाशी पातळ काळे पाणी साचते. नातवाने घरीही अंगणात तसाच एक भोपळा ठेवला होता. जाळून, पुरून किंवा टोपलीत भरून मृत्यू डोळ्यांआड करणाऱ्या आपल्या संस्कृतीत हा धडा कोणी दिला नसता. मला तो सगळ्यांत धीट वाटला. कढईतल्या धुरापेक्षा कितीतरी धीट. कुजणे म्हणजे बुरशीचे आणि जंतूंचे जेवण, हे मुलांनी आठवडाभरात ओळखले. हॅलोविनच्या साऱ्या सोंगांमागे जे खरे भय आहे, ते इथे काचेच्या पेटीत दिवसाउजेडी ठेवलेले होते.

एके संध्याकाळी अंगणातल्या भोपळ्यापाशी उकिडवा बसून तो मला म्हणाला, ‘आजी, आजोबांचे असे झाले का?’

त्याचे आजोबा, म्हणजे आमचे हे, दीड वर्षापूर्वी गेले. तो तेव्हा इकडे नव्हता. त्याने पाहिले काहीच नव्हते.

हॅरी हुडिनी नावाचा अमेरिकन जादूगार होता. मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांची लबाडी उघडकीला आणण्यात त्याने आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. प्रत्येक युक्ती त्याला ठाऊक होती. तो १९२६ साली वारला, आणि योगायोग असा, की ३१ ऑक्टोबरलाच. त्यानंतर दहा वर्षे त्याची बायको दर हॅलोविनला त्याच्या संकेताची वाट पाहत बसे. १९३६ साली हॉलिवुडमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर ती शेवटची बसली आणि मग तिने तो नाद सोडला. नवऱ्याने उघड्या पाडलेल्या युक्त्या तिला ठाऊक नव्हत्या असे थोडेच आहे! तरी दहा वर्षे. मला ती बाई कधीच वेडी वाटली नाही. भूत नाही, हे पुठ्ठे आणि काडी लावून सिद्ध करता येते. माणूस नाही, हे कोणती काडी लावून समजून घ्यायचे?

मुलाला गोड खोटे सांगून गप्प करण्याचा मार्ग मोकळा होता. आजोबा तारा झाले, असे म्हणता आले असते. त्याच्या आईने मागे तसे सांगितलेही होते, आणि तिच्यावर मी रागावले नव्हते. पण जे मूल बिया मोजून पाहते, फुगा घासून पाहते, त्याने आपल्या पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाला ताऱ्याचे उत्तर देणे मला फसवणूक वाटली. मी त्याला सांगितले, की असे झाले नाही. आपण त्यांना अग्नी दिला, मग फार थोडी राख आणि हाडे उरली, ती तुझ्या बाबांनी संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या पाण्यात सोडली. राख म्हणजे काय, हे त्याने विचारले, ते सांगितले. मग त्याने विचारले, ‘आणि आजोबा?’

मी म्हटले, ‘ते मला माहीत नाही, बाळ.’

तो बराच वेळ बोलला नाही. मीही नाही. काळोख पडू लागला होता, शेजारच्या घराच्या पायरीवर कोणीतरी सणाचा विझवायला विसरलेला विजेचा सांगाडा चमकत होता. थोड्या वेळाने तो उठला, आत जाऊन आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन आला आणि आमच्या भोपळ्याचा घेर मोजला. आठवड्यापूर्वीच्या गाठीपेक्षा तो दोन बोटे कमी भरला. ते त्याने वहीत लिहिले, आणि आम्ही जेवायला आत गेलो.